कोंडीबा, वय सत्तर, लाल फ्रॉक

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

‘संगणक कक्षातील एका मुलीने जनरेटर बंद पाडल्यामुळे मान्यवरांच्या भाषणात व्यत्यय आला’, असं तुमच्या अहवालात आहे. व्यत्यय आला नाही. अख्ख्या शिराळ्यानं ऐकलंय. दिवे गेले, पंखे थांबले, पाळण्याशेजारचं गाणं मध्येच गिळल्यासारखं झालं, आणि तुम्ही मात्र एकविसाव्या शतकाबद्दल बोलतच राहिलात. एक शब्द तुटला नाही. का तुटला नाही ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. सांगते पुढं.

ती ‘एक मुलगी’ म्हणजे मी. आम्रपाली बनसोडे, राहणार सातारा. मला अहवाल लिहिता येत नाही. घडलं तसं सांगता येतं.

नागपंचमीला शिराळ्यात मुंगी शिरायला जागा नसते. आमच्या घरी पंचमी नसते, पण जत्रेला नको म्हणणारं आमच्यातही कोणी नाही, त्यामुळं ती गर्दी मला लहानपणापासून माहीत आहे. दरवर्षी पोरं हरवतात, म्हातारी माणसं हरवतात, आणि सापडलेल्या सगळ्यांना एका मंडपात बसवून माईकवर पुकारा होतो. त्या मंडपापर्यंत पोचायचं म्हणजे दुसरी जत्रा. म्हणून यंदा, म्हणजे नव्याण्णव साली, दोन कक्ष करायचे ठरलं, एक शाळेत आणि एक चौकात. दोन्हीकडं एकेक कॉम्प्युटर, आणि शाळेतल्या हेडमास्तरांच्या खोलीत सर्व्हर, म्हणजे दोन्हींची माहिती सांभाळणारा तिसरा कॉम्प्युटर. कुठल्याही कक्षात सापडलेल्या माणसाची माहिती भरली की ती सर्व्हरकडं जाणार, शाळेतल्या प्रिंटरवर चिठ्ठी निघणार आणि माईकवर वाचली जाणार. कल्पना माझी आणि पुष्करची. ‘संकल्पना’ या शब्दापुढं नाव तुमचं छापलंय, ते राहू द्या.

पुष्कर वाईचा. सांगलीत विश्रामबागेत खोली घेऊन राहिला आणि इंजिनियर झाला. बोलणं इतकं मऊ की दार वाजवायच्या आधी दाराची माफी मागेल. मी बारावीनंतर टायपिंगच्या क्लासात नोकरी करता करता झेरॉक्स केलेल्या पुस्तकातून जावा ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले. त्यातली काही पानं उलटी शिवली होती. ती उलटीच वाचली.

जावात वेबचं काम करायचं म्हणजे सर्व्हलेट लिहायचा. सर्व्हलेट हा सर्व्हरवर ठाण मांडून बसणारा एक प्रोग्रॅम. समोरच्या पानावरून कुणी काही पाठवलं की उत्तर देणारा. ऐकायला सोपं. सुरुवातीला आम्ही नुसत्या शिव्या घातल्या. क्लास, म्हणजे आपण लिहिलेल्या प्रोग्रॅमची तयार फाइल, डोळ्यांसमोर पडलेला असायचा आणि जावा म्हणायची, सापडत नाही. मग कळायचं की कुठं शोधायचं हे सांगणाऱ्या क्लासपाथमध्ये एक टिंब राहिलंय. फाइलचं नाव छोट्या अक्षरात आणि आत मोठ्या अक्षरात, की लगेच रुसली. पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं आत-बाहेर करायचं दार, आधीच वापरात आहे म्हणायची. कोण वापरतंय म्हणून शोधावं तर सकाळी आपणच चालू करून विसरलेला सर्व्हर. आणि सगळ्यात मोठं खूळ हे, की सर्व्हलेट एकदा सर्व्हरच्या डोक्यात शिरला की शिरला. फाइल बदला, नवी टाका, तो जुनंच बोलणार. सर्व्हर बंद करून परत चालू केला तरच नवं बोलणार. पुष्कर म्हणाला, वाईला आमचे असेच एक काका आहेत.

हे सगळं निस्तरलं आणि चाचणी झाली साताऱ्यात, तुमच्या कचेरीत, चपला दाराबाहेर काढून. तुमच्या कचेरीची एक रीत आहे, साहेब. तुम्ही ज्याच्या पाठीशी उभे, त्यानंच काम करायचं. बाकीच्यांनी हात मांडीवर. आधी तुम्ही पुष्करमागं उभे राहिलात. त्यानं पहिलं पान भरलं, त्यात नाव, वय, कुठल्या कक्षात बसलाय. मग दुसरं पान, त्यात कपडे आणि खुणा. चिठ्ठी निघाली. मग तुम्ही माझ्यामागं आलात. मीही दोन्ही पानं भरली. चिठ्ठी निघाली. चहा आला, बिस्किटं आली, तुम्ही छान म्हणालात. दोघांनी एकदम भरलं तर काय होतं, हे बघायला दोघांचे हात एकदम चालावे लागतात, आणि त्या खोलीत तो उद्धटपणा झाला असता. मी हात उचलला होता. तुमच्या हेडक्लार्कनी नुसत्या डोळ्यांनी तो खाली ठेवायला लावला.

चहा संपल्यावर तुम्ही दोन हुकूम दिलेत. लेखी परवानगीशिवाय सर्व्हर बंद करायचा नाही, त्या खोलीला कुलूप आणि किल्ली तुमच्याकडं. आणि माईकवर फक्त कॉम्प्युटरची चिठ्ठी वाचायची, पदरचा एक शब्द घालायचा नाही. दोन्ही हुकूम लक्षात ठेवा.

पंचमीच्या दिवशी मिरवणुकीतल्या उंच गाड्या तारांना लागू नयेत म्हणून गावची लाइन बंद होती. सगळी भिस्त बिराप्पाच्या जनरेटरवर. बिराप्पा जतकडचा, भाड्यानं जनरेटर घेऊन जत्रा करत फिरणारा. त्याचं धूड चौकात माझ्या कक्षाच्या मागंच धडधडत होतं. शाळेपासून चौकापर्यंत केबल आम्ही कौलांवरून, पताकांच्या दोरीला बांधून आणली होती. शाळेच्या कक्षात पुष्कर. माईकवर शाळेचे क्लार्क बाळासो, ज्यांचा आवाज ऐकून बैल उभे राहावेत. हेडमास्तरांच्या कुलूपबंद खोलीबाहेर स्टुलावर तुमचा शिपाई जोतिबा.

सकाळी सगळं झकास चाललं. हरवणारे एकेक करून हरवत होते. मिरवणूक सुरू झाली आणि दोन्हीकडं एकदम रांगा लागल्या.

एका कासारणीनं एक पोर आणून माझ्या टेबलावर बसवली. लाल फ्रॉक, दोन वेण्या, पिवळ्या रिबिनी, उजव्या हाताचा अंगठा तोंडात. नाव साक्षी, वय पाच, गाव कवठे महांकाळ. रडत नव्हती. मी म्हटलं, “घाबरू नको, तू हरवलीस ना, आत्ता शोधते तुझ्या माणसांना.”

तिनं अंगठा काढला. “मी न्हाई हरवलो. आजी हरवलीया.”

आजीचं नाव पारूबाई. फ्रॉकचं टोक आजीच्या हातात होतं, गाडी आली, गर्दी मध्ये घुसली, टोक सुटलं. एवढं सांगून तिनं अंगठा परत तोंडात घातला आणि माझ्याकडं असं बघितलं की आता तुझं काम तू कर. मी पहिलं पान भरलं, दुसरं भरलं, पाठवलं आणि भोंग्याकडं कान लावला.

बाळासोंचा आवाज आला. “कोंडीबा. वय वर्षे सत्तर. अंगात लाल फ्रॉक. दोन वेण्या, पिवळ्या रिबिनी. उजव्या हाताचा अंगठा तोंडात. शाळेच्या कक्षात बसलेले आहेत. नातेवाइकांनी येऊन घेऊन जावे.”

चौकात हशा फुटला. मिरवणुकीतली गाडी ओढणारी पोरं गाडी सोडून गुडघे धरून बसली. मी शेजारच्या रांगेतल्या पोराचं पहिलं पान आधीच पाठवलं होतं. थोड्या वेळानं बाळासो त्याच गंभीर आवाजात म्हणाले, “अर्जुना. वय वर्षे तीन. पांढरं धोतर, तांबडा पटका, झुपकेदार मिशा. कनवटीला तंबाखूची चंची आहे. चौकाच्या कक्षात बसलेला आहे.”

झालं. मिशावालं तीन वर्षांचं पोर बघायला लोक माझ्या कक्षावर चालून आले. एक बाई तर लेकराला कडेवर घेऊन आली होती, दाखवायला. खरा अर्जुना टेबलाखाली बसून लाह्या खात होता. त्याला मिशा नाहीत म्हटल्यावर लोकांचा चेहरा पडला. एक जण म्हणाला, “आवं ताई, मग कशापायी बोलावलंसा?”

बाळासोंना चूक कळत नव्हती असं नाही. पण तुमचा हुकूम होता, पदरचा शब्द घालायचा नाही. ते नोकरीचे पक्के. त्यांनी नंतर सांगितलं, कोंडीबा समोरच बसले होते, धोतरात, आणि त्यांच्याकडं बघत बघत लाल फ्रॉक वाचताना हसू आवरायला मांडीला चिमटा काढावा लागला. पण आवाज हलू दिला नाही.

मी साक्षीची माहिती पुन्हा भरली. पुन्हा तिचा फ्रॉक दुसऱ्याच कुणाच्या अंगात गेला. आणि मला कळलं. चूक माझ्या कोडमध्ये होती. ते मी त्याच दिवशी तुमच्या तोंडावर सांगितलंय, लपवलं नाही. सर्व्हलेट हा एकच असतो, येईल त्याचं काम करणारा. पहिल्या पानावरचं नाव आणि वय मी त्याच्या एकाच पाटीवर लिहून ठेवत होते. मी ‘साक्षी’ लिहिलं, दुसरं पान भरेपर्यंत शाळेतून पुष्करनं त्याच पाटीवर ‘कोंडीबा’ लिहिलं, साक्षी पुसली गेली, आणि माझा लाल फ्रॉक कोंडीबाच्या अंगात. साताऱ्यात हे दिसलं नाही, कारण साताऱ्यात पाटीवर दोन हात एकदम पडलेच नाहीत. तुम्ही पडू दिले नाहीत.

उपाय सोपा होता. ज्याची त्याची पाटी वेगळी. पान भरणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हरनं आपापली जागा द्यायची, ज्याचं लिहिलेलं त्याच्याच जागेवर. मी रांगेला थांबा म्हटलं आणि कोड बदलायला बसले. साक्षी माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होती. एक अर्धविराम राहिला, जावा कावली. तो घातला, जावा गप्प झाली. नवा क्लास केबलवरून सर्व्हरच्या फोल्डरात टाकला आणि साक्षीला परत भरलं.

“कोंडीबा,” बाळासो म्हणाले. “वय वर्षे सत्तर. अंगात लाल फ्रॉक.”

नवा क्लास जागेवर होता, पण सर्व्हर जुनंच बोलत होता. वाईचे काका. सर्व्हर बंद करून चालू करणं, एवढंच राहिलं होतं. आणि किल्ली तुमच्या खिशात, तुम्ही मंचावर.

मी आले होते, साहेब. साक्षीला कासारणीपाशी ठेवून, कोपरं मारत मारत मंचाखाली आले होते. तुमच्या माणसाला सांगितलं, किल्ली द्या, एक लेकरू अडकलंय. तो म्हणाला, भाषण झाल्यावर. मी म्हटलं, भाषण कवा संपणार? तो म्हणाला, अजून सुरू कुठं झालंय.

तिकडं शाळेत काय चाललं होतं ते मला पुष्करनं नंतर सांगितलं. पारूबाईंनी पहिला पुकारा ऐकला होता. नाव कोंडीबा का असेना, लाल फ्रॉक, पिवळ्या रिबिनी आणि उजवा अंगठा, पोर कोणाची हे त्यांना बरोबर कळलं. चिठ्ठीत शाळेचा कक्ष होता, म्हणून गर्दी फाडत त्या शाळेत गेल्या. बघतात तर तिथं धोतरातला म्हातारा. त्यांनी पुष्करला धरलं. पुष्करलाही तोवर उमगलं होतं. त्यानं अगदी मऊ आवाजात सांगितलं, आजी, तुमची नात चौकात असणार, तुम्ही तिकडं जा.

पारूबाई म्हणाल्या, “मगाशी हितं म्हनलास, आता तितं म्हनतोस. मी तितं जायाची आन तू परत हितं बोलवायचास. भोंगा सांगंल तवाच हलीन.”

आणि बसल्या, कोंडीबांच्या शेजारी. पुष्कर जोतिबाकडं गेला, कुलूप उघडा म्हणाला. जोतिबा म्हणाला, लेखी आणा. पुष्कर खिडकीच्या गजांना धरून आतल्या सर्व्हरकडं बघत राहिला. दहा पावलांवर बटण, मध्ये तुमचं कुलूप.

म्हणजे कसं होतं बघा. नात चौकात, आजी शाळेत, दोघी सुखरूप, दोघींना एकमेकींचा पत्ता सांगायला चार भोंगे, आणि भोंग्याला खरं बोलायची परवानगी नाही.

मी परत आले तर साक्षीनं अंगठा काढलेला होता. ओठ वाकडे व्हायला लागले होते. मला म्हणाली, “आजी रडत आसंल.”

मी मागं बिराप्पाकडं गेले.

बिराप्पा जनरेटरला टेकून विडी ओढत होता. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, “बाई, मला आदी येक सांगा. त्या म्हाताऱ्यानं फ्रॉक घातला कसा?”

मी सगळं सांगितलं. पाटी, फ्रॉक, कुलूप. तो ऐकत होता आणि हसत होता. मग गंभीर झाला. म्हणाला, साहेबांनी बजावलंय, भाषण होईस्तवर मशीन थांबलं तर गाठ माझ्याशी हाय.

मी म्हटलं, “अण्णा, डिझेल कधी घालता?”

“टाकी खाली आली की. मशीन बंद करूनच घालावं लागतंय, तापल्यालं आसतंय.”

“आता किती आहे?”

“आर्दी हाय अजून.”

“अर्धी असताना घालायला कुणाची बंदी आहे का?”

त्यानं विडी टाकली. टाकीकडं बघितलं, मंचाकडं बघितलं, साक्षीकडं बघितलं. “बंदी कुनाचीच न्हाई,” म्हणाला. “आन साहेबांची काळजी सोडा. त्यांच्या खुर्चीखाली ती ब्याटरीची पेटी ठेवल्याली हाय, माईक तिच्यावरच चालतोय.”

हां. तर ती पेटी, साहेब. ती सर्व्हरची पेटी. लाइट गेली तरी सर्व्हर बंद पडू नये म्हणून साताऱ्याहून आणलेली. ती तुम्ही सकाळी हेडमास्तरांच्या खोलीतून उचलून मंचावर नेलीत, भाषण मध्येच गप्प होऊ नये म्हणून. तुमच्या हातानं कुलूप लावलंत आणि तुमच्याच हातानं भिंतीला भोक पाडून ठेवलंत. मी तुमचे आभार मानले असते, पण तुम्ही अहवाल लिहिलात.

मी माझं मशीन नीट बंद केलं. बिराप्पानं दांडा ओढला. चौक गार पडला. आणि त्या शांततेत तुमचा एकट्याचा आवाज, “संगणकाशिवाय पर्याय नाही, बंधूंनो,” असं स्वच्छ ऐकू आला. बिराप्पा मुद्दाम सावकाश डिझेल ओतत होता. म्हणाला, सांडायला नको.

दांडा फिरवला, मशीन धडधडलं. तिकडं हेडमास्तरांच्या खोलीत सर्व्हर आपोआप उठला, पण अर्ध्यात तुटला होता ना, मग निळा पडदा लावून स्वतःचीच तपासणी करत बसला. पुष्कर आणि जोतिबा दोघंही खिडकीच्या गजांत तोंड खुपसून बघत होते. जोतिबा त्याला म्हणाला, “भटजीवानी पुटपुटतंय की रं हे.” तपासणी संपली, निळं गेलं, आमची खिडकी उघडली, आणि पुष्करनं, ज्यानं जन्मात कधी आवाज चढवला नाही, त्यानं शाळेच्या पटांगणात अशी शिट्टी घातली की कोंडीबा दचकून उभे राहिले.

मी साक्षीला भरलं. पहिलं पान. मग मुद्दाम थांबले. पुष्करनंही तिकडून मुद्दाम कोंडीबांचं पहिलं पान पाठवलं असणार, हे मला न बोलता माहीत होतं. साताऱ्यात जे करू दिलं नाही ते आम्ही शिराळ्यात केलं. मग दुसरं पान पाठवलं.

“साक्षी,” बाळासो म्हणाले. एवढ्यावरच थांबले. चिठ्ठी पुढं वाचून घेतली असावी. “वय वर्षे पाच. लाल फ्रॉक. दोन वेण्या, पिवळ्या रिबिनी. अंगठा तोंडात. चौकाच्या कक्षात आहे.” आणि मग, पदरचा शब्द न घालणारे बाळासो म्हणाले, “खरंच आहे.”

चौकानं टाळ्या वाजवल्या. तुम्हाला वाटलं तुमच्या भाषणाला. तुम्ही हात जोडलेत, मी बघितलं.

पारूबाई आल्या. मिरवणुकीच्या मधून आल्या, गाड्या थांबवत, पोरांना बाजूला सारत, पदर कमरेला खोचून. साक्षीनं टेबलावरून सरळ त्यांच्या अंगावर उडी घेतली. मला वाटलं म्हातारी रडणार. तिनं आधी पोरीच्या वेण्या बघितल्या, मग रिबिनी, मग फ्रॉकचं टोक, सगळं जागच्या जागी आहे का ते. मग पाठीत एक धपाटा घातला आणि मग तिला असं आवळलं की पोरगी आतून ओरडायला लागली, आजी, श्वास.

“कुटं गेल्ती गं तू?” साक्षी म्हणाली.

“मी? मी कुटं गेल्ते?” पारूबाई म्हणाल्या, आणि मग त्या दोघी तिथंच बसून कोण हरवलं होतं यावर भांडल्या. निकाल लागला नाही. कासारणीनं साक्षीच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या, फुकट.

तेव्हा माझं लक्ष गेलं. पारूबाईंच्या मागं एक म्हातारा उभा होता. पांढरं धोतर, तांबडा पटका, झुपकेदार मिशा.

“हे कोण?” मी म्हटलं.

“कोंडीबा न्हवं का,” पारूबाई म्हणाल्या. “येकली बाईमानूस कशी जाशील म्हनाले. आले सोबतीला.”

कोंडीबांनी मिशीवरून हात फिरवला. तिकडं शाळेत भोंगा वाजला. कोंडीबांचे दोन्ही लेक त्यांना न्यायला येऊन थांबले होते आणि म्हातारा गायब होता. पुष्करनं लेकांची माहिती भरली, मी कोंडीबांची भरली, आणि बाळासोंनी कोंडीबांना त्या दिवशी शेवटचं पुकारलं. या वेळी धोतरात. लोकांना ते फारसं आवडलं नाही.

हे असं झालं, साहेब. तुमच्या अहवालात ‘गोंधळ’ आहे, ‘व्यत्यय’ आहे, ‘बेजबाबदारपणा’ तर दोनदा आहे. ‘भेटल्या’ हा शब्द मी शोधला. नाही. पुढच्या वर्षी कॉम्प्युटर नको, असं शेवटी लिहिलंय. का नको? कोड आता बरोबर आहे, ज्याची त्याची पाटी वेगळी आहे. दुरुस्त व्हायचं राहिलंय ते तुमचं कुलूप. साक्षी पुढच्या पंचमीला परत येणार आहे. आजीला धरून ठेवायला, असं तिनं मला सांगितलंय.

तर एवढंच विचारते. हेडमास्तरांच्या खोलीची किल्ली पुढच्या पंचमीला कोणाकडं असणार? उत्तर द्या. आणि मला ते लेखी पाहिजे.